चौथ्यावर

मेच्या अखेरीस घोडी विमानाने गेली.
तिच्या पासपोर्टात अंगावरचा एकेक भोवरा टिपलेला,
माझ्या पासपोर्टात फोटो, तोही भलत्याच कुणाचा वाटावा असा.

नाव सदफ. रंग कुम्मैत,
चारी पाय पांढरे, कपाळावर टिक्का.
आमच्याकडे पंचकल्याणी म्हणाले असते
आणि लग्नाच्या वरातींत नाचवून तिची वाट लावली असती.
इथे रिफामध्ये तिच्या ठाणाला एसी,
आठवड्याला डॉक्टर, आणि मी.

उन्हाळ्यात बहारीनची रेस बंद.
उन्हात राहिलेला नाल उचलला तर तळहाताची साल निघते.
बारा ते चार बाहेर काम नाही, सरकारचा नियम,
मग उरलेली जनावरं धुऊन आम्ही सहा जण खोलीत
इंग्लंडचा सीझन बघतो
बशीरच्या तडकलेल्या मोबाइलवर.

पैसे लावायचे नाहीत. इथे जुगार हराम,
आणि पैसे असतात कुठे?
आम्ही लावतो भांड्यांची पाळी, शुक्रवारची झोप,
मुरुगेशनच्या बायकोने पाठवलेलं लोणचं, चमच्याने मोजून.
मोठी बाजी एकच:
एसीखालचा वरचा पलंग, आख्खा ऑगस्ट.
जूनपासून तो माझ्याकडे होता.

मी घोरपडीतल्या मोतद्दाराचा मुलगा.
बाप म्हणायचा, घोडा बघायचा तर पाय बघ,
पैसा लावायचा तर आधी स्वतःचा हात बघ.
त्याने दोन्ही बघितले नाहीत, ते जाऊ दे.

सदफ रिपनला धावणार होती. शनिवारी, आपले पावणेसहा.
सगळ्यांनी डोळे मिटून तिच्यावर विन लावलं,
घरचीच घोडी.
मी म्हटलं, चौथी येईल.
हसले. चौथ्यावर कुणी लावतं का, वेड्या?

मी मनात वेगळं मांडलं होतं.
जिंकली तर मालक तिला तिकडेच ठेवणार,
पुढे अजून लांबचा देश, पुढे पोटात शिंगरू.
शेवटची आली तर लिलाव, घेईल त्याची.
दुसरी-तिसरी आली तरी कुणाचा तरी डोळा पडणार.
चौथी म्हणजे वाईट नाही, चांगलीही नाही.
ऑक्टोबरमध्ये परत इथेच.
मीही चौथाच की.
अकरा वर्षं माझा करार त्याच्यावरच वाढतो आहे.

गेट उघडलं आणि मोबाइल अडकला.
गोल गोल फिरत राहिलं ते पांढरं.
चित्र आलं तेव्हा ती वळणावर होती, चौथी.
बरोब्बर चौथी, तिघांच्या शेपट्यांमागे मान पाडून,
पहाटे माझ्याबरोबर चालायची तशी, आळसावून.
मी श्वास धरला,
माझ्या श्वासाने नंबर हलला तर?

मग तिने कान पुढे केले.
ते कान मला ठाऊक आहेत.
बादलीची कडी वाजली की ती तसे करते.
रिपनला कुठली बादली वाजली, देव जाणे,
पण ती बाहेरून निघाली
आणि मी पलंगावर उभा, डोकं छताला,
"चल गं, चल माझे बाय, चल"
ओरडतो आहे
स्वतःच्याच बाजीवर पाय देऊन.

मानेने जिंकली.
बशीरने मिठी मारली, डोळे पुसले,
मग म्हणाला, चल, पलंग खाली कर.

रात्री फोटो आला. पिवळ्या टोपीतली एक पोरगी
तिचा लगाम धरून हसते आहे.
तिला सांगायला हवं,
मीठ हातावर द्यायचं, भिंतीवरचं ती चाटत नाही.
नंबर कुणाकडे मागू?

आता मी दाराजवळ झोपतो.
कुणी आलं-गेलं की बाहेरची हवा अंगावर येते,
गरम, दमट, मोठ्या नाकपुड्यांतून सोडलेली.

पहाटे तिचं रिकामं ठाण झाडतो.
तिथला एसी चालूच आहे,
बंद कर म्हणून कुणी सांगितलं नाही.
काल पाच मिनिटं पेंढ्यावर बसलो.

पुढच्या शनिवारी ती यॉर्कला आहे.
विनवर लावलं आहे.
एक चमचा लोणचं.